पांढरा ब्रेक, तांबूस मशीन

जुनं क्रोनोग्राफ विकणारा ‘सगळं ओरिजिनल आहे’ म्हणाला, की मी मागचं झाकण उघडायला सांगतो. गिऱ्हाईक डायलवर भाळतं. घड्याळजीने मात्र मशीन बघावं.

क्रोनोग्राफ म्हणजे पोटात स्टॉपवॉच असलेलं मनगटी घड्याळ. बटण दाबलं की तरफा सरकतात, चाकं एकमेकांत अडकतात, सुटतात. या धडपडीत काही भाग झिजणारच. म्हणून पन्नास-साठ वर्षं वापरलेल्या मशीनमध्ये एखादा भाग मागाहून बसवलेला निघाला, तर मला नवल वाटत नाही. तो कोणता, हे मात्र ओळखता यायला हवं.

ओमेगाचं स्पीडमास्टर घ्या. 1957 साली ते आलं तेव्हा आत 321 हे मशीन होतं, लेमानिया कंपनीच्या घडणीचं. त्यात बटणाचा हुकूम तरफांपर्यंत पोचवायला कॉलम व्हील, म्हणजे उभ्या खांबांचं बारकं चाक असे. 1968 च्या सुमारास त्याची जागा 861 ने घेतली. खांब गेले, सपाट कॅम, म्हणजे तरफा ढकलणारी चकती आली. ठोके तासाला 18,000 वरून 21,600 झाले. मुलामा दोन्हींचा तांबूस. नव्वदच्या दशकात 1861 आलं, घडण जवळपास तीच, पण मुलामा ऱ्होडियमचा, चांदीसारखा. त्यामुळे तांबूस 861 मध्ये एखादाच ब्रिज, म्हणजे चाकांना धरणारी पट्टी, पांढरा चमकला, तर तो पुढच्या पिढीतला समजावा.

दुसरी खूण ब्रेकची. क्रोनोग्राफ थांबवलं की त्याचं मधलं चाक हा ब्रेक धरून ठेवतो. सुरुवातीच्या 861 मध्ये तो धातूचा होता. सत्तरच्या दशकात डेलरिन नावाचं पांढरं प्लास्टिक आलं. 1969 च्या घड्याळात प्लास्टिकचा ब्रेक दिसला, तर तो दुरुस्तीत बसवलेला. संग्राहक त्यावर नाक मुरडतात. मला तो बिचारा आवडतो, काम चोख करतो. शिवाय भाग कंपनीचाच. त्याला नकली म्हणणं अन्याय आहे.

रंग जुळत असेल तर भिंगाखाली स्क्रू बघा. खाचांच्या कडा फाटल्या असतील, तर मशीन बरेचदा उघडलेलं आहे. एकाच स्क्रूची खाच कोरी करकरीत असेल, तर तो नवा असण्याची शक्यता मोठी. जुन्या मशीनवर कोरलेला अनुक्रमांकही उतरवून घ्यावा. त्यावरून साल अदमासे कळतं, आणि बाकीचे भाग त्या सालाशी ताडून बघता येतात.

खरी गफलत व्हीनस 175 मध्ये होऊ शकते. या स्विस मशीनची अवजारं चीनने विकत घेतली आणि त्यावरून आपलं क्रोनोग्राफ घडवलं; आजचं सीगल एसटी 19 त्याच वंशातलं. चेहरामोहरा इतका सारखा, की नवखा फसतो. पण व्हीनस 18,000 ठोक्यांचं, एसटी 19 हे 21,600 चं. ठोके मोजणाऱ्या यंत्रावर धरलं की उलगडा होतो.

रोज वापरायचं असेल, तर बदललेल्या भागाची खंत करू नका. संग्रहासाठी घेत असाल, तर त्याची नोंद बिलावर मागा. आणि घड्याळ दुरुस्तीला टाकताना आधीच बजावून ठेवा: काढलेला जुना भाग पुडीत बांधून परत द्या.