पक्षी उचलायला कां-कूं करणारा रिट्रीव्हर

ब्रिटनमध्ये फेझंट या पक्ष्याच्या शिकारीचा हंगाम १ ऑक्टोबरला सुरू होतो आणि १ फेब्रुवारीला संपतो. गोळी लागलेला पक्षी काटेरी झुडपात, ओढ्यापलीकडे, कमरेएवढ्या गवतात कुठेही पडतो. तो हुंगून शोधायचा आणि दात न रुतवता मालकाच्या हातात आणून द्यायचा, हे रिट्रीव्हर कुत्र्याचं काम. जखमी पक्षी तडफडत पडून राहू नये, म्हणूनही हे काम मोलाचं. लॅब्रॅडॉर आणि गोल्डन रिट्रीव्हर या जाती ब्रिटनमध्ये त्यासाठीच घडवल्या गेल्या. तरीही चांगल्या वंशातलं एखादं कुत्रं पक्ष्यापाशी धावत जातं, हुंगतं आणि रिकाम्या तोंडाने परत येतं.

असं कुत्रं आळशी किंवा हट्टी नसतं. पक्षी आणणं ही खरं तर पाच कामांची साखळी आहे: जाणं, उचलणं, धरून ठेवणं, परत येणं आणि हातात देणं. कुत्रं यातल्या एखाद्याच कडीवर अडतं. ती कडी आधी शोधायची, आणि अडण्यामागचं कारणही.

साधारण चार ते सहा महिन्यांच्या वयात दुधाचे दात पडून नवे येतात. हिरड्या दुखत असताना पिल्लू जड वस्तू धरणार नाही. अशा वेळी धडे थांबवावेत. बंदुकीच्या आवाजाला घाबरलेलं कुत्रं पक्ष्यालाही घाबरू शकतं. त्याची भीती आधी घालवावी लागते, तीही दुरून, हळू आवाजापासून सुरुवात करून. तोंडात काही धरलं की ओरडा बसतो, हे घरातच शिकलेलं कुत्रं मैदानातही काही उचलत नाही.

शिकवण्याचा क्रम उलटा ठेवला तर काम सोपं होतं: आधी धरणं आणि देणं, धावणं सर्वांत शेवटी. शांत खोलीत कुत्र्यापुढे हलकी कापडी डमी, म्हणजे सरावासाठी पक्ष्याऐवजी वापरायची वस्तू, धरा. त्याने नाक लावलं तरी शाब्बासकी आणि खाऊ. मग तोंड उघडल्यावर, मग डमी क्षणभर धरल्यावर. शाब्बासकीचा शब्द डमी तोंडात असतानाच यायला हवा. ती टाकल्यावर कौतुक केलं, तर कुत्रं टाकायलाच शिकेल. काही सेकंद शांतपणे धरता आलं की ‘दे’ म्हणून डमी घ्या, पण हिसकावू नका. ओढाओढीतून जबडा आवळायची सवय लागते, आणि जबडा आवळणारं कुत्रं पुढे पक्षी चेंगरून आणतं.

नंतर डमी थोडी थोडी खाली नेत जमिनीवर ठेवा. तिथून उचलणं जमलं की ती तोंडात धरून तुमच्या बाजूने चार पावलं चालू द्या. फेकायची पाळी आता येते, तीही आधी घरातल्या अरुंद बोळात, कारण तिथे परतीची वाट तुमच्याकडेच असते. बाहेर कुत्रं डमी घेऊन पळालं, तर पाठलाग करू नका. उलट दिशेने चालू लागा. ते मागे येतं. आल्यावर लगेच डमीला हात न घालता आधी खांदे, पाठ कुरवाळा. चार-पाच फेकींनंतर, कुत्र्याचा उत्साह टिकून असतानाच, धडा संपवा.

डमी छान आणणारं कुत्रंही पिसांपाशी बिचकतं. त्यासाठी डमीला वाळलेला पंख रबराने बांधावा. मग थंड झालेला, रक्त नसलेला, पिसं घट्ट असलेला पक्षी द्यावा. कबूतर पहिल्यांदा नको, कारण त्याची सैल पिसं तोंडात चिकटतात. कुत्रं तरीही बिचकलं, तर पक्षी नायलॉनच्या मोज्यात घालून द्यावा. नुकताच पडलेला, गरम पक्षी त्यानंतर. जखमी, फडफडणारा पक्षी नवख्या कुत्र्याला देऊच नये: पंखांचा एक फटका महिन्यांची मेहनत वाया घालवू शकतो. वुडकॉक हा पक्षी तर अनेक मुरलेली कुत्रीही उचलायला नाखूश असतात.

अमेरिकेत कान चिमटून तोंड उघडायला लावण्याची जुनी पद्धत आहे. डमी धरली की चिमटा सुटतो. त्याने कुत्रं डमी धरायला शिकतं, हे खरं. पण जे आधीच बिचकलेलं आहे, त्याला वेदनेने शिकवणं मला अन्यायाचं वाटतं. शिवाय त्याची गरजही नसते.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार पक्ष्यांची शिकार करता येत नाही, आणि ते योग्यच आहे. पण पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये वाढणाऱ्या लॅब्रॅडॉरच्या अंगात तोंडाने वस्तू आणण्याची ओढ तेवढीच असते. चेंडू किंवा कापडी डमी घेऊन हाच क्रम त्यालाही शिकवता येतो. म्हणून एवढंच सांगणं: पिल्लू तुमची चप्पल तोंडात धरून आलं, तर ओरडू नका. खाली बसा, त्याला जवळ बोलवा, शाब्बासकी द्या आणि खाऊच्या बदल्यात चप्पल मागून घ्या.