पहिला अल्बम, दुसऱ्यांचा गळा

‘व्हॅम’ ही ब्रिटिश जोडी १९८३च्या आपल्या पहिल्या अल्बममध्ये स्वतःच पुढे होती. आपल्या अजय-अतुल गोगावले बंधूंनी २००१मध्ये ‘विश्वविनायक’ केला, तो एस. पी. बालसुब्रमण्यम आणि शंकर महादेवन यांच्या गळ्यातून. एकाची मायबोली तेलुगू, दुसऱ्याची तमिळ, शब्द संस्कृत. त्यांना कुणी ‘हे तुमचं कसं?’ म्हणत नाही. मला, मुसलमानाला, मराठी कवितेबद्दल अजून विचारतात. असो.

गंमत आहे लघु-गुरूंची. श्लोकाचा ठेका अक्षरांतच असतो. दीर्घ अक्षर, जोडाक्षराआधीचं अक्षर दोन मात्रा घेतं. एवढं सांभाळलं, की मागं व्हायोलिनांचा कितीही मोठा ताफा असो, शब्द बुडत नाही. टिटवाळ्याच्या महागणपतीपुढचं स्टेशन आमचं खडवली. तिथं मंडपातल्या फाटक्या कर्ण्यातूनही अक्षर न् अक्षर कळतं.