एक दिवस नूडल्सच्या कारखान्यात

जपानमध्ये योकोहामा बंदरालगत मिनातो मिराई नावाचा भाग आहे. तिथले कप नूडल्स म्युझियम निस्सिन या खाद्यकंपनीने १७ सप्टेंबर २०११ रोजी सुरू केले. ओसाकाजवळच्या इकेदा शहरात याच कंपनीचे असेच एक संग्रहालय १९९९ पासून आहे. योकोहामाचे संग्रहालय मोठे असून तोक्योहून मुलांना घेऊन सकाळी निघावे आणि संध्याकाळी परतावे, इतके जवळ आहे. खाद्यसंग्रहालय म्हटले की काचेच्या कपाटातली जुनी भांडी आणि त्याखालच्या चिठ्ठ्या आठवतात. इथे मात्र मुलांचे हात पिठात जातात.

पाहण्याची सुरुवात वरच्या मजल्यावरच्या एका भिंतीपासून करावी. चिकन रामेन या पहिल्या इन्स्टंट नूडल्सच्या पाकिटापासून पुढे जगभर निघालेली तीन हजारांहून अधिक वेष्टने तिथे क्रमाने मांडलेली आहेत. त्यानंतर येते एक साधी लाकडी शेड. निस्सिनचे संस्थापक आणि इन्स्टंट नूडल्सचे जनक मोमोफुकू आंदो यांनी इकेदातल्या आपल्या घरामागे जी शेड उभारली होती, तिची ही हुबेहूब प्रतिकृती. आत कढई, पिठाची भांडी, नूडल्स पाडण्याचे यंत्र अशी कुठल्याही स्वयंपाकघरात शोभतील अशी साधने आहेत. नुसत्या पाहायच्या गोष्टींत सर्वांत मोलाची जागा हीच. जग बदलून टाकणाऱ्या शोधाला मोठी प्रयोगशाळा लागतेच असे नाही, ही गोष्ट लहान मुलालाही इथे न सांगता कळते.

आंदो यांचा जन्म ५ मार्च १९१० रोजी, त्या वेळी जपानच्या अमलाखाली असलेल्या तैवानमध्ये झाला. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या टंचाईच्या दिवसांत ओसाकाच्या काळ्या बाजारात वाडगाभर गरम रामेनसाठी, म्हणजे सूपमधल्या नूडल्ससाठी, थंडीत रांगा लागत. तो देखावा त्यांच्या मनातून गेला नाही. १९५७ मध्ये ते प्रमुख असलेली एक पतसंस्था बुडाली, त्यात त्यांची जवळजवळ सगळी मालमत्ता गेली आणि उरले ते राहते घर. त्या घरामागच्या शेडमध्ये ते वर्षभर राबले. टिकतील, घरात साठवता येतील आणि नुसते गरम पाणी ओतले की खाता येतील, असे नूडल्स त्यांना हवे होते. वाळवायचे कसे, इथे घोडे अडले होते. पत्नी मासाको तेंपुरा तळत असताना त्यांना उत्तर दिसले. गरम तेलात पदार्थ पडला की त्यातल्या पाण्याची वाफ होऊन ती बुडबुड्यांनी बाहेर पडते आणि मागे बारीक छिद्रे राहतात. वाफवलेले नूडल्स असेच तळले, तर ते कोरडे होतात, टिकतात आणि नंतर त्याच छिद्रांतून गरम पाणी शोषून घेऊन पुन्हा मऊ होतात. २५ ऑगस्ट १९५८ रोजी चिकन रामेन बाजारात आले. तेव्हा आंदो ४८ वर्षांचे होते.

हे तत्त्व मुलांना करून पाहता येते ते चिकन रामेन कारखान्यात. मैद्यात पाणी घालून कणीक मळायची, ती यंत्रातून पुन्हा पुन्हा लाटून पातळ करायची, कापून तिचे बारीक धागे पाडायचे, ते वाफवायचे आणि त्यांना सूपची चव लावायची. तळण्याचे काम तेवढे तिथले कर्मचारी करतात. साच्यात भरलेले नूडल्स तेलात उतरतात, बुडबुडे उसळतात आणि मग हळूहळू विरत जातात. कुरडई तळताना पाहिलेल्या मराठी मुलाला हा देखावा ओळखीचा वाटेल. या सगळ्याला सुमारे दीड तास लागतो आणि स्वतः केलेले नूडल्स घरी नेता येतात. संग्रहालयातला हा सर्वांत चांगला भाग आहे. वेळ थोडा असेल, तर बाकीचे काहीही सोडावे, हे सोडू नये.

गर्दी मात्र अधिक असते ती कप नूडल्सच्या दालनात. १९६६ मध्ये आंदो अमेरिकेत गेले असता, तिथल्या लोकांनी चिकन रामेन मोडून कागदी पेल्यात टाकले, वर गरम पाणी ओतले आणि काट्याने खाल्ले. वाडगा आणि चॉपस्टिक्स जगभर असतीलच असे नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यातून १९७१ च्या सप्टेंबरमध्ये कप नूडल्स आले. पुढच्याच फेब्रुवारीत असामा-सान्सो या विश्रामगृहातल्या ओलीसनाट्यात, कडाक्याच्या थंडीत वेढा घालून बसलेले पोलीस वाफाळते कप हातात धरून खाताना साऱ्या देशाने दूरचित्रवाणीवर पाहिले आणि हा पदार्थ घराघरांत माहीत झाला.

दालनात प्रत्येकाला एक रिकामा कप मिळतो आणि त्यावर रंगीत पेनांनी हवे ते चित्र काढायचे असते. मग कप खिडकीपाशी न्यायचा. नूडल्सची वडी वरून कपात टाकत नाहीत. वडी खाली ठेवतात, कप तिच्यावर पालथा घालतात आणि हँडल फिरवून दोन्ही सुलटे करतात. वडी कपाच्या तळापेक्षा रुंद असते, त्यामुळे ती मध्येच अडकून राहते. वरून टाकली तर तिरकी बसते. कप उलटा करण्याची ही युक्ती आंदो यांनाच सुचली होती. मध्ये अडकलेल्या वडीमुळे कपाला आतून आधार मिळतो, गरम पाणी तळापर्यंत जाऊन नूडल्स सगळीकडून सारखे शिजतात आणि वरचे जिन्नस वरच राहतात.

यानंतर चारांपैकी एक सूप आणि बारा जिन्नसांपैकी चार निवडायचे. एकूण ५,४६० प्रकार होतात, असे संग्रहालय सांगते. हा आकडा मुलांकडून पडताळून घेण्यासारखा आहे. एकच जिन्नस पुन्हा घेण्याची मुभा धरली, तर बारांतून चार निवडण्याचे १,३६५ मार्ग निघतात. त्याला चार सुपांनी गुणले की ५,४६० येतात. पुन्हा घेण्याची मुभा नसती, तर प्रकार १,९८० च झाले असते.

जेवणासाठी 'नूडल्स बाजार' आहे. आशियातल्या रात्रबाजारासारख्या सजवलेल्या या दालनात व्हिएतनामचा फो, मलेशियाचा लाक्सा, कझाकस्तानचा लगमान, इटलीचा पास्ता असे देशोदेशीचे प्रकार छोट्या वाडग्यांत मिळतात, म्हणजे एका कुटुंबाला चार-पाच चवी घेता येतात. शाकाहारी कुटुंबांनी मात्र चौकशी करूनच मागवावे. बहुतेक सुपांत मांस किंवा मासळीचा अर्क असतो, कप नूडल्सच्या सुपांतही. लहानग्यांसाठी खेळण्याची वेगळी जागा आहे. तिथे मूल स्वतःच नूडल्स होऊन कारखान्यातला प्रवास करते.

हे कंपनीचे संग्रहालय आहे, त्यामुळे इथली गोष्ट यशाचीच आहे. या पदार्थात मीठ आणि तेल किती असते, तो रोज का खाऊ नये, हे मुलांना आईवडिलांनीच सांगायला हवे.

संग्रहालय मंगळवारी बंद असते. चिकन रामेन कारखान्यात प्राथमिक शाळेतली आणि त्याहून मोठी मुलेच भाग घेऊ शकतात, आणि त्यासाठी जागा आधी राखून ठेवावी लागते. जपानच्या सहलीचा बेत आखताना आधी ही वेळ पक्की करावी आणि त्या दिवसाचे बाकीचे कार्यक्रम तिच्याभोवती बसवावेत. आपल्या हाताने भरलेला कप दुकानातल्या कपाइतका टिकत नाही, तो महिन्याच्या आत खाऊन टाकावा.