चाकांवरचं घर (५) : विमा घेताना अपवाद आधी वाचा

मोटरहोम किती मोठी घ्यावी, हे मागच्या लेखांकात पाहिलं. गाडी ठरली की बुकिंग करताना विम्याचे दोन-तीन पर्याय समोर येतात आणि बहुतेक जण रोजचा दर पाहून त्यांतला एक निवडतात. ही कसोटीच चुकीची आहे, असं माझं मत आहे. नुकसान झालं तर विमा काय भरेल आणि आपल्या खिशातून काय जाईल, हे आधी पाहायला हवं. त्यासाठी न्यूझीलंडचं उदाहरण घेऊ. तिथेही गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूनेच चालतात, त्यामुळे भारतीय कुटुंबं स्वतः गाडी चालवायला सहज तयार होतात. विम्याची व्यवस्था मात्र आपल्यापेक्षा फार वेगळी आहे.

आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ नुसार थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. न्यूझीलंडमध्ये वाहनविम्याची अशी सक्ती नाही. तिथे १ एप्रिल १९७४ पासून अपघातातल्या शारीरिक इजेचा भार एसीसी ही सरकारी योजना उचलते. चूक कोणाची, हे ती पाहत नाही. परदेशी पाहुण्यांनाही उपचारखर्चात मदत मिळते आणि त्याबदल्यात इजेच्या भरपाईसाठी समोरच्यावर दावा लावता येत नाही. आजारपण, अर्धवट राहिलेली सहल, मायदेशी परतण्याचा खर्च या गोष्टी एसीसीत बसत नाहीत. त्यासाठी प्रवासविमा लागतोच. मग उरते मालमत्ता, म्हणजे भाड्याची गाडी आणि आपल्यामुळे इतरांच्या गाडीचं किंवा वस्तूंचं झालेलं नुकसान. मोटरहोम कंपनीचे पर्याय ही जोखीम कंपनी आणि आपण यांच्यात वाटून देतात.

साधा पर्याय भाड्यातच धरलेला असतो, पण त्यात नुकसानीचे पहिले काही हजार डॉलर आपण सोसायचे असतात. याला एक्सेस म्हणतात. तेवढी रक्कम अनेकदा सुरुवातीलाच क्रेडिट कार्डवर अडकवली जाते. समजा, एक्सेस ५,००० डॉलर आहे, तो शून्यावर आणायला रोज ५० डॉलर पडतात आणि सहल १४ दिवसांची आहे. जादा खर्च झाला ७०० डॉलर. म्हणजे साधारण सात सहलींत एकदा पूर्ण एक्सेस भरावा लागत असेल, तरच हा व्यवहार सरासरीत परवडतो. एवढे अपघात कुठे होतात, हा आक्षेप रास्त आहे. सरासरीत फायदा कंपनीचाच. पण विमा घेणाऱ्याच्या वाट्याला सरासरी येत नाही, एकच सहल येते. ५,००० डॉलर गेल्याने घरचं वर्षाचं गणित कोलमडणार असेल, तर ७०० डॉलर द्यावेत. ५,००० डॉलरचा फटका पचवता येणार असेल, तर साधा पर्याय खुशाल घ्यावा. मुरलेल्या चालकाला याची गरज नाही, हे मात्र मला पटत नाही. खडीच्या रस्त्यावर समोरच्या गाडीच्या चाकाखालून उडालेला दगड चालकाचा अनुभव विचारत नाही.

शून्य एक्सेस म्हणजे सगळं भरून मिळतं, हा समज सर्वांत महागात पडतो. आपल्याकडे ‘बंपर टू बंपर’ पॉलिसी असली, तरी पावसाच्या पाण्याने इंजिन बिघडलं तर वेगळं इंजिन कव्हर लागतं. तसंच मोटरहोमच्या विम्यातही आहे. छताचं आणि गाडीच्या खालच्या भागाचं नुकसान, चुकीचं इंधन भरणं, पाण्यात गाडी घालणं, बंदी असलेल्या रस्त्यावर जाणं, असे अपवाद अनेक करारांत असतात. मोठी मोटरहोम तीन मीटरहून उंच असते, त्यामुळे कमी उंचीचं छप्पर किंवा झुकलेली फांदी हा तिचा रोजचा धोका आहे, आणि नेमका तोच अनेकदा वगळलेला असतो. क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्स रोड आणि उत्तरेकडचा नाइन्टी माइल बीच पाहायला सुंदर आहेत, पण भाड्याच्या गाड्यांच्या करारांत ते सहसा निषिद्ध असतात.

क्रेडिट कार्डाचा किंवा प्रवासविम्याचा आधार आहेच, असंही म्हटलं जातं. तो आधार कधी खरा असतो, पण अशा अनेक पॉलिसी फक्त साध्या मोटारींसाठी असतात आणि मोटरहोम वगळतात. शिवाय पैसे आधी आपण भरायचे आणि दावा नंतर करायचा. म्हणून दोन गोष्टी कराच. ‘मोटरहोमचा एक्सेस या पॉलिसीत येतो का?’ हे विमा कंपनीला लेखी विचारा. आणि रोजचा दर पाहण्याआधी करारातली अपवादांची यादी घरातल्या प्रत्येक चालकाला वाचायला द्या.