अंड्यापासून पाच दिवस

नेदरलँड्समधला वेस्टलँड हा काचघरांचा मुलूख. तिथे परभक्षी कोळी वाढवण्याच्या खोलीत मी एक हिवाळा काम केलं. ओल्या स्पंजवर घेवड्याचं पान उलटं ठेवायचं, कडेनं पाणी खेळतं ठेवायचं आणि बारीक ब्रशनं एकेक मादी उचलून सोडायची. त्यांची शिकार असलेल्या, पिकावरची कीड म्हणजे लाल कोळ्याची अंडी गोल. परभक्ष्याची लांबट, जवळपास दुप्पट मोठी. नजर बसायला मला आठवडा लागला.

हा परभक्षी म्हणजे फायटोसियुलस पर्सिमिलिस. चिलीहून आलेल्या ऑर्किडवर तो १९५८ मध्ये जर्मनीत आढळला. अंड्यातून निघणारं सहा पायांचं पिल्लू काहीच खात नाही, पानाच्या शिरेजवळ बसून राहतं. पहिली कात टाकली की आठ पाय येतात आणि भूक जागी होते. आणखी दोन काती, की नारिंगी, चकचकीत, नासपतीच्या आकाराचा शिकारी तयार.

याला किती दिवस लागतात, ते तापमान ठरवतं. १५ अंशांना सुमारे २५ दिवस, ३० अंशांना जेमतेम ५. तेव्हा वाटे, खोली तापवत न्यावी. पण हवा कोरडी होऊन आर्द्रता ६० टक्क्यांखाली गेली की अंडी सुकतात. पस्तीस अंशांच्या उन्हात शिकारी मंदावतो, लाल कोळी मात्र तशा कोरड्या उष्म्यातच फोफावतो.

खाण्याचा हट्ट त्याहून कडक. पर्सिमिलिसला जाळं विणणारे कोळीच लागतात. एका रविवारी एका ट्रेमधली शिकार संपली आणि ते कुणाच्या लक्षात आलं नाही. सोमवारी भिंगाखाली पाहिलं, तर माद्या आपल्याच जातीची पिल्लं शोषत होत्या. मला ते बराच वेळ पाहवेना. शेजारच्या रॅकवरचा दुसरा परभक्षी, अँब्लिसियस स्विर्स्की, पाणकणसाच्या परागांवरही वाढतो. म्हणून तो कीड येण्याआधीच झाडावर वस्तीला ठेवता येतो. माझ्या मते दोघांतला सगळ्यात मोठा फरक हाच.

आपल्याकडे निओसेयुलस लाँगिस्पिनोसस हा देशी परभक्षीही मुख्यतः लाल कोळ्यावर जगतो. मावळातल्या गुलाबाच्या पॉलिहाऊसमध्ये परभक्षी सोडणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे: परभक्ष्यांची बाटली उघडण्याआधी पानं उलटून शिकार आहे का ते पाहा, आणि तापमापक छताजवळ नको, झाडाच्या उंचीवर टांगा.