फॅट लागली म्हणजे प्रोटीन कळलं, असं नाही

कोल्हापुरात संध्याकाळी दूध कट्ट्यावर म्हशीच्या धारोष्ण दुधाचा पेला हातात आला, की लोक आधी फेस बघतात. तालमीतल्या पोरांपासून पेन्शनरांपर्यंत सगळ्यांचं ठाम मत: दूध दाट म्हणजे प्रोटीन भरपूर. गावातल्या डेअरीवरही सकाळी विचारायचं ते 'फॅट किती लागली?' एवढंच. दर ठरतो फॅट आणि एसएनएफवर, म्हणजे फॅट सोडून दुधातल्या बाकीच्या घन पदार्थांवर. एसएनएफमध्ये प्रोटीन येतं हे खरं, पण त्यातला जवळजवळ निम्मा वाटा दुधातल्या साखरेचा असतो. गाईच्या दुधात प्रोटीन साधारण ३.३ टक्के, म्हशीच्या ४ टक्क्यांच्या आसपास. फॅट मात्र म्हशीच्या दुधात दुपटीच्या घरात जाते. पेल्यात दाट दिसतं ते मुख्यतः हेच.

मग प्रोटीन मोजायचं कसं? एक जुनी वाट म्हणजे नायट्रोजन मोजून त्यावरून प्रोटीनचा हिशेब मांडणं. पण नायट्रोजन युरियातही असतो. २००८ साली चीनमध्ये बाळांच्या दूध पावडरीत नायट्रोजनने भरलेलं मेलामाइन मिसळलं गेलं, ते याच फटीतून. रंगाच्या चाचण्या इथे उजव्या ठरतात. शाळेच्या प्रयोगशाळेतली बाययुरेट चाचणी घ्या. अंड्याच्या पांढऱ्या बलकाच्या पातळ द्रावणात कॉस्टिक सोडा आणि मोरचुदाचं पाणी घातलं, की जांभळी छटा येते. बोर्डो मिश्रणासाठी शेतकरी आणतो तेच हे मोरचूद. त्यातलं तांबं प्रोटीनच्या साखळीतल्या बंधांना धरतं. युरियात तशी साखळीच नाही, म्हणून तिथे जांभळा रंग येत नाही.

दुसरी चाचणी ब्रॅडफोर्डची, १९७६ सालची. तिच्यातला कुमासी निळा हा मुळात लोकर रंगवायचा रंग. कापडाच्या इचलकरंजीतल्या माणसाला यात नवल वाटू नये: जो रंग लोकरीला चिकटतो तो प्रोटीनला चिकटणारच, कारण लोकर म्हणजे प्रोटीनच. तपकिरी द्रावण दोनेक मिनिटांत निळं होतं. दूध मात्र थेट घालायचं नाही, सुमारे ५० पट पातळ करायचं. नाहीतर रंग एका मर्यादेपलीकडे वाढतच नाही आणि दोन वेगळी दुधं सारखीच दिसतात.

आता हे रंग मोबाइलने मोजायचा मुद्दा. 'कॅमेरा प्रोटीन ओळखतो' हा सगळ्यात पसरलेला गैरसमज. कॅमेऱ्याला फक्त लाल, हिरवा आणि निळा प्रकाश कळतो, आणि फोटोत प्रत्येकाचा एक आकडा उतरतो. गंमत अशी, की ब्रॅडफोर्डचं द्रावण निळं होत गेलं तरी बघायचा असतो लाल आकडा, कारण कुमासीचा हा निळा रंग ५९५ नॅनोमीटरजवळचा, नारिंगीकडे झुकणारा प्रकाश गिळतो. प्रोटीन वाढलं की लाल आकडा घसरतो. बाययुरेटच्या जांभळ्यासाठी हिरवा आकडा बघायचा.

'महागडा फोन म्हणजे अचूक माप' हेही तसंच. फोन स्वतःच्या मर्जीने उजेड आणि रंग सुधारतो. ट्यूबलाइटखाली काढलेला फोटो आणि खिडकीजवळचा फोटो, दोन्हींत त्याच नळीचे आकडे वेगळे येतात. शिवाय साठवलेल्या फोटोतला आकडा प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतो. म्हणून खरं काम फोनचं नाही, शेजारच्या नळ्यांचं. ब्रॅडफोर्डसाठी प्रोटीनचं प्रमाण माहीत असलेली चार-पाच द्रावणं करायची, मिलिलिटरला ०.२, ०.४, ०.६, ०.८ मिलिग्रॅम अशी, आणि प्रोटीन नसलेली एक कोरी नळी. नमुन्यासह सगळ्या एकाच रांगेत, पांढऱ्या कागदापुढे, एकाच फोटोत घ्यायच्या. ज्ञात नळ्यांच्या आकड्यांवरून आलेख काढायचा आणि नमुना त्यावर बसवायचा. साधा फोनही मग पुरतो. रंग तासाभरानंतर बदलू लागतो, तेव्हा फोटोला दिरंगाई नको.

आणि 'निळं झालं म्हणजे प्रोटीन आहेच' असंही नव्हे. भांडी घासायच्या साबणाचा अंश नळीत राहिला, तरी ब्रॅडफोर्डचं द्रावण निळसर होतं. सगळी प्रोटीन्स सारखी रंगतही नाहीत, कारण हा रंग मुख्यतः आर्जिनिन या घटकाला धरतो. म्हणून दुधाची तुलना शक्यतो दुधातल्याच प्रोटीनशी करावी.

नुसत्या पेल्याचा फोटो घेऊन कुठलं अ‍ॅप प्रोटीनचा आकडा सांगत असेल, तर तो मोजलेला नाही, अंदाजाने ठोकलेला आहे.