जनसंपर्काचे शिक्षण आणि ग्रामसभेची कसोटी

एखादी संस्था, कारखाना किंवा शासकीय विभाग आणि त्यांच्या कामाचे बरेवाईट परिणाम ज्यांना भोगावे लागतात ते लोक यांच्यात विश्वासाचे नाते जोडणे व ते टिकवणे, यासाठी सातत्याने केलेल्या कामास जनसंपर्क म्हणतात. जाहिरातीला पैसे मोजून जागा विकत घेता येते. जनसंपर्काला मात्र ती जागा तपासून पाहता येईल अशा माहितीच्या बळावर मिळवावी लागते. हे काम महानगरांतील कार्यालयांतच चालते, अशी समजूत असली, तरी ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांतील अलीकडच्या घडामोडी पाहता, या व्यवसायाची खरी कसोटी ग्रामसभेत लागते आणि त्यासाठीची तयारीही ग्रामसभा डोळ्यांसमोर ठेवूनच व्हायला हवी, हे स्पष्ट होते.

मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग हे याचे ठळक उदाहरण होय. ७०१ किलोमीटर लांबीच्या या महामार्गासाठी आरंभी जमीन एकत्रीकरणाची, म्हणजे शेतकऱ्याने जमीन द्यावी आणि मोबदल्यात विकसित भूखंडाचा वाटा घ्यावा अशी योजना मांडली गेली, तेव्हा शहापूर तालुक्यातील शेतकऱ्यांनी तिला विरोध केला. पुढे २०१७ मध्ये थेट खरेदीचा मार्ग खुला झाला आणि महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने गावोगावी बोलणी करण्यासाठी ‘संवादक’ नेमले. संवादकाचे पद हे जनसंपर्काचेच पद होते, पण त्याच्यासमोर येणारे प्रश्न कोणत्याही पाठ्यपुस्तकात सहज सापडणारे नव्हते. सातबाऱ्यावर पाच भावंडांची नावे असताना आणि वाटणी झालेली नसताना मोबदला कोणाच्या हाती पडणार, मोजणीत विहीर आणि आंब्याची झाडे धरली आहेत की नाहीत, हरकत कोणाकडे व किती तारखेपर्यंत नोंदवायची, या प्रश्नांची उत्तरे गट क्रमांक, क्षेत्र, दर आणि मुदत यांसह एका कागदावर सोप्या मराठीत लिहून देता आली, तरच बोलणी पुढे सरकू शकत. शिवाय शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे आदिवासींच्या हक्कांसाठी राज्यघटनेने विशेष संरक्षण दिलेल्या प्रदेशात मोडतो. तेथे १९९६ च्या पेसा कायद्यानुसार भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी किंवा योग्य स्तरावरील पंचायतीशी विचारविनिमय करणे बंधनकारक असल्यामुळे, कायदा न वाचलेल्या माणसाचे वक्तृत्व येथे फारसे कामी येत नाही.

याच महामार्गाच्या बांधकामावर, शहापूर तालुक्यातील सरळांबे येथे, ३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर गर्डर आणि तो बसवणारे अवजड यंत्र कोसळून २० कामगार मृत्युमुखी पडले. अशा प्रसंगी जी माहिती द्यावी लागते, तिला संकटकालीन संवाद म्हणतात. त्याचा क्रम ठरलेला असतो आणि तो मोडल्यास अफवा पुढे जातात : प्रथम नातेवाइकांना कळवणे, नंतर खात्री झालेली संख्या व जखमींचे रुग्णालय सांगणे, मदतीचा दूरध्वनी क्रमांक जाहीर करणे आणि कारणाविषयी चौकशी पूर्ण होईपर्यंत कोणताही निष्कर्ष न काढणे. हा क्रम अभ्यासक्रमात शिकवता येतो, परंतु परप्रांतातून आलेल्या मजुराच्या घरी त्याच्या भाषेत बातमी कळवण्यासाठी लागणारी माणुसकी विद्यार्थ्याला स्वतःमध्ये रुजवावी लागते.

मुरबाड तालुक्यातील फांगणे या गावाचे उदाहरण दुसऱ्या टोकाचे आहे. ८ मार्च २०१६ रोजी, जागतिक महिला दिनी, जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने येथे आजीबाईंची शाळा सुरू झाली आणि साठीच्या पुढच्या, गुलाबी लुगडी नेसून पाटी-पेन्सिल घेतलेल्या स्त्रियांची छायाचित्रे देशोदेशीच्या वृत्तपत्रांत झळकली. सांगण्यासारखे खरे काम, ते पटकन ध्यानात राहील असे दृश्यरूप आणि भेटायला येणाऱ्या पत्रकाराशी मोकळेपणाने बोलणारी माणसे एवढ्या भांडवलावर गाव जगाला माहीत झाले. प्रसिद्धी कामाच्या मागून येते, हा जनसंपर्काचा मूलभूत नियम फांगण्याने प्रत्यक्षात दाखवला.

औपचारिक शिक्षणाचा मार्ग या भागातील विद्यार्थ्यांसाठी वाटतो तितका दूरचा नाही. शहापूरचे सोनुभाऊ बसवंत महाविद्यालय किंवा शिवळे येथील शांतारामभाऊ घोलप महाविद्यालय अशा ठिकाणी कोणत्याही शाखेची पदवी घेऊन पुढे पदव्युत्तर पदविका किंवा पदवी मिळवता येते. मुंबई विद्यापीठाचा संज्ञापन व पत्रकारिता विभाग, त्याच विद्यापीठाची गरवारे संस्था, मुंबईतील झेवियर इन्स्टिट्यूट ऑफ कम्युनिकेशन्स आणि पुण्यातील रानडे इन्स्टिट्यूट ही त्यासाठीची परिचित नावे होत. आसनगाव किंवा वाशिंदहून कसारा लोकलने मुंबई गाठता येते. मुरबाडच्या विद्यार्थ्याला मात्र आधी एसटीने कल्याण गाठावे लागते, त्यामुळे प्रवेशाचा विचार करताना शुल्काइतकाच प्रवासाचा आणि राहण्याचा हिशेबही घरात बसून करणे शहाणपणाचे ठरते.

नोकरीची दारे मुख्यतः तीन आहेत. शासनात माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाच्या अखत्यारीत जिल्हा माहिती अधिकाऱ्यासारखी पदे असतात. खासगी क्षेत्रात जनसंपर्क संस्था आणि कंपन्यांचे स्वतःचे विभाग असतात, जेथे उमेदवार कनिष्ठ पदावर लागून काही वर्षांच्या अनुभवानंतर व्यवस्थापक होतो. तिसरे दार सामाजिक उत्तरदायित्वाचे, म्हणजे सीएसआरचे आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते आणि ती योग्य ठिकाणी पोहोचण्यासाठी गाव जाणणारा माणूस लागतो. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीजवळ वाढलेल्या तरुणाला हे काम परके वाटण्याचे कारण नाही.

तयारीची सुरुवात महाविद्यालयातच करता येते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराचे किंवा मुरबाड तालुक्यातील म्हसा गावच्या यात्रेतील आरोग्य तपासणीचे प्रसिद्धिपत्रक, म्हणजे वृत्तपत्रांना पाठवायचे अधिकृत निवेदन, लिहून पाहावे : पहिल्याच परिच्छेदात काय, कोठे, केव्हा आणि कोणासाठी हे यावे, विशेषणे गाळावीत, आकडे दोनदा तपासावेत आणि शंकानिरसनासाठी संपर्क द्यावा. मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांत हा सराव झाल्यास मुलाखतीत दाखवण्यासारखे काम हाती राहते.

या व्यवसायाला मर्यादाही आहे आणि ती विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी शिकवली पाहिजे. भातसा आणि तानसा धरणांचे पाणी मुंबईला जाते, तर त्याच शहापूर तालुक्यातील अनेक गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. अशा ठिकाणी कितीही सुबक निवेदन काढले, तरी ते नळाची जागा घेऊ शकत नाही. जनसंपर्क व्यवस्थापकाने तेथील गाऱ्हाणे जसेच्या तसे निर्णय घेणाऱ्यांच्या टेबलावर पोहोचवले पाहिजे, कारण लोकांचे म्हणणे वर नेणे हा त्याच्या कामाचा अर्धा भाग आहे. तो अर्धा भाग शिकवण्याची क्षमता शहापूर-मुरबाडच्या गावांत आहे; उरलेला अर्धा देणारे अभ्यासक्रम तालुक्याच्या महाविद्यालयांपर्यंत आणणे, हे विद्यापीठाचे आणि शासनाचे कर्तव्य आहे.